हिप्पींनी मांडलेली वेगळी चूल

पुष्कळ मराठी घरांत 'हिप्पी' हा शब्द आला तो न्हाव्याच्या दुकानातून आणि वडिलांच्या रागातून. १९७० च्या दशकात कानांवर रुळणाऱ्या केसांना 'हिप्पी कट' म्हणत, आणि असे केस राखणाऱ्या मुलाने परीक्षेत कितीही गुण मिळवले तरी त्याला "हिप्पी झालास का?" हे ऐकून घ्यावेच लागे. १९७१ मध्ये देव आनंद यांचा 'हरे रामा हरे कृष्णा' पडद्यावर आला आणि चिलीम, माळा, काठमांडूची गल्ली हे चित्र पक्के झाले. गोव्याच्या किनाऱ्यावरील परदेशी पाहुण्यांच्या तिखटमीठ लावलेल्या किश्शांनी त्यात उरलेले रंग भरले. या विषयावर आज कोणी वाचू लागले, तर मात्र ते जुने चित्र पुरत नाही. एका पुस्तकात हिप्पींना पर्यावरण चळवळीचे श्रेय दिलेले असते, दुसऱ्यात घरगुती संगणकाचे, तिसऱ्यात सेंद्रिय भाजीचे आणि योगासनांच्या जगभरच्या प्रसाराचे; चौथे पुस्तक म्हणते, ही सुखवस्तू बापांची रिकामटेकडी पोरे होती. जेमतेम चार-पाच वर्षे गाजलेल्या एका टोळक्यावर इतक्या गोष्टींचे श्रेय आणि दोष का लादले जातात, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

वाचनातून माझे जे मत बनले आहे ते आधीच सांगून टाकतो. हिप्पींनी ज्या गोष्टींचा मोठा गाजावाजा केला त्यांपैकी फारच थोड्या टिकल्या. ज्या गोष्टी करण्यासाठी त्यांना एखादे काम नीट शिकावे लागले, त्या टिकल्या.

प्रतिसंस्कृती म्हणजे काय?

या विषयावरच्या लेखनात एक जड शब्द वारंवार भेटतो, तो म्हणजे प्रतिसंस्कृती. थिओडोर रोझॅक या अमेरिकी इतिहासकाराने १९६९ मध्ये तो रूढ केला. त्याचा अर्थ घरच्या भांडणावरून चांगला कळतो. एकत्र कुटुंबात एखादा मुलगा वाटणी मागतो, कारभार माझ्या हाती द्या म्हणतो, वडिलांशी वाद घालतो. तो घरातच राहून लढतो. दुसरा मुलगा वाद घालत नाही. तो परसात तीन दगड मांडतो, वेगळी चूल पेटवतो आणि काय शिजवायचे, कधी जेवायचे, कोणाला पंगतीला बसवायचे हे स्वतःच्या मनाने ठरवतो. पहिल्याचा मार्ग राजकीय विरोधाचा आणि दुसऱ्याचा प्रतिसंस्कृतीचा. १९६० च्या दशकातील अमेरिकेत हे दोन्ही मुलगे होते. विद्यापीठांत निदर्शने करणारे विद्यार्थी पहिल्या प्रकारचे आणि हिप्पी दुसऱ्या प्रकारचे. मोर्चात दोघे शेजारी दिसत, कपडेही सारखेच असत, पण एकमेकांविषयी त्यांचे मत फारसे चांगले नव्हते.

'हिप्पी' हा शब्द त्यांनी स्वतःहून घेतलेला नव्हता. 'हिप' म्हणजे नव्या वाऱ्याची जाण असलेला. त्यावरून बनलेले हे नाव १९६५ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या वृत्तपत्रांनी लोकप्रिय केले. त्यांच्या आधीच्या पिढीत जॅक केरुॲक, ॲलन गिन्सबर्ग यांसारखे बंडखोर लेखक होऊन गेले होते. गिन्सबर्ग १९६२-६३ मध्ये भारतात राहून गेला, मुंबई, कोलकाता, वाराणसी फिरला, आणि परत जाताना मंत्रपठण बरोबर घेऊन गेला. पुढे हिप्पींच्या मेळाव्यांत हाच दाढीवाला कवी मंत्र म्हणताना दिसतो.

ही चूल तेव्हाच का पेटली?

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ ते १९६४ या काळात, अमेरिकेत सुमारे साडेसात कोटी मुले जन्मली. १९६० च्या दशकाच्या मध्यावर त्यांतील थोरली मुले अठरा-वीस वर्षांची झाली होती. त्यांच्या आईवडिलांनी मंदी आणि युद्ध पाहिले होते, त्यामुळे पक्की नोकरी, उपनगरातले घर आणि दारात मोटार हे त्यांना आयुष्याचे सार्थक वाटे. मुलांना ते सारे जन्मापासून मिळाले होते आणि म्हणूनच ते अपुरे वाटत होते. १९६० मध्ये गर्भनिरोधक गोळीला मान्यता मिळाली आणि लग्न, शरीरसंबंध, मूल यांचा जुना क्रम सैल झाला. दक्षिणेतील कृष्णवर्णीयांवरचे लाठीहल्ले घरातल्या दूरचित्रवाणीवर दिसू लागले, आणि शाळेत शिकवलेली समतेची वचने मुलांना खोटी वाटू लागली.

या सर्वांवर व्हिएतनामचे युद्ध आले. १९६८-६९ मध्ये तेथे पाच लाखांहून अधिक अमेरिकी सैनिक होते आणि त्यांतील बरेच सक्तीच्या लष्करभरतीतून आलेले होते. अठराव्या वर्षी युद्धावर पाठवता येत असे, मत देण्याचे वय मात्र एकवीस होते. ते १९७१ मध्ये अठरावर आले. महाविद्यालयात शिकणाऱ्यांची भरती पुढे ढकलली जाई, म्हणून शिक्षण सोडून 'बाहेर पडणे' हा त्या काळात नुसता लहरीपणा नव्हता, त्यात खराखुरा धोका होता.

तरीही एक गोष्ट विसरता येत नाही. वेगळी चूल मांडली खरी, पण शिधा वडिलांच्याच घरातून येत होता. त्या दशकात अमेरिकेत रोजगार मुबलक होता, सॅन फ्रान्सिस्कोच्या जुन्या वस्तीत घरभाडे स्वस्त होते, आणि कंटाळा आला तर परत जायला घर होते. हिप्पी प्रामुख्याने गोरे आणि मध्यमवर्गीय होते याचे कारण हेच. ज्याच्या घरी मुळात कोठारच नाही, त्याला कोठाराचा त्याग करता येत नाही.

हाइट-ॲशबरीतील एक वर्ष

सॅन फ्रान्सिस्कोत हाइट आणि ॲशबरी हे दोन रस्ते जिथे एकमेकांना छेदतात, त्या परिसराला हाइट-ॲशबरी म्हणतात. १४ जानेवारी १९६७ रोजी जवळच्या गोल्डन गेट पार्कमध्ये वीस-तीस हजार तरुणांचा मेळावा भरला. व्यासपीठावर गिन्सबर्ग होता, हार्वर्डमधून काढून टाकलेला मानसशास्त्रज्ञ टिमोथी लिअरी होता, आणि व्यवस्थेतून बाहेर पडा असा त्याचा उपदेश होता. वृत्तपत्रांनी आणि दूरचित्रवाणीने हे दृश्य देशभर नेले, आणि त्या उन्हाळ्यात सुमारे एक लाख मुलेमुली या लहानशा वस्तीकडे लोटली. यालाच 'प्रेमाचा उन्हाळा' म्हणतात.

एवढ्या जणांना जेवायला कोण घालणार होते? डिगर्स नावाच्या नाटकवेड्या गटाने हे काम अंगावर घेतले होते. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये पडीक सार्वजनिक जमीन कसू पाहणाऱ्या गरिबांचे हे नाव त्यांनी मुद्दाम घेतले. भाजीबाजारात उरलेला माल मागून आणायचा, त्याचा रस्सा करायचा आणि दुपारी बागेत फुकट वाढायचा, हा त्यांचा क्रम होता. जेवण घेण्यापूर्वी एका मोठ्या रंगीत लाकडी चौकटीतून पलीकडे जावे लागे. चौकट ओलांडली की जग वेगळ्या नजरेने बघायचे, असा तो खेळ होता. कॉफीच्या रिकाम्या डब्यांत ते कोंड्यासकट गव्हाचा पाव भाजत. त्यांच्या दुकानात प्रत्येक वस्तू फुकट असे, आणि कोणी "इथला मालक कोण?" असे विचारले तर "तुम्हीच" असे उत्तर मिळे.

आपल्याकडे हा प्रकार अगदीच अनोळखी वाटू नये. माधुकरी मागून शिकणारा विद्यार्थी, दारी आलेला गोसावी, वारीत वाटेवरच्या गावांनी घातलेले जेवण, या सर्वांतून घर सोडलेल्या माणसाला समाजात एक मान्य जागा मिळत आली आहे. अमेरिकेत तशी जागा नव्हती; तेथे कामधंदा सोडून हिंडणारा तरुण हा साधू ठरत नसे, भटक्या ठरत असे आणि पोलीस त्याला पकडत. डिगर्सनी ही जागा चारच महिन्यांत आणि एकाच रस्त्यावर निर्माण करण्याचा प्रयत्न केला, आणि ती गर्दीपुढे पुरली नाही.

आजारपणाचेही तसेच होते. आलेल्यांत अल्पवयीन, उपाशी, गुप्तरोग झालेले, नशेत भ्रमिष्ट झालेले असे अनेक होते, आणि सरकारी रुग्णालये त्यांना उभे करायला तयार नव्हती. जून १९६७ मध्ये डेव्हिड स्मिथ या तरुण डॉक्टराने तेथे मोफत दवाखाना उघडला. आरोग्यसेवा हा हक्क आहे, ती मेहेरबानी नव्हे, हे त्याचे ब्रीद होते. नशेने घाबरलेल्या मुलाला बेड्या किंवा इंजेक्शन न देता शांत खोलीत बसवायचे आणि कोणीतरी त्याच्याशी हळू आवाजात बोलत राहायचे, ही पद्धत तेथे घडत गेली. याच धर्तीवर पुढे अनेक अमेरिकी शहरांत मोफत दवाखाने निघाले. 'प्रेमाच्या उन्हाळ्या'तील गाण्यांपेक्षा मला हा दवाखाना अधिक महत्त्वाचा वाटतो.

एका पर्यटन कंपनीने तर हिप्पी दाखवण्यासाठी या रस्त्यावरून बस फिरवायला सुरुवात केली होती. बसच्या खिडक्यांतून कॅमेरे बाहेर आले की काही हिप्पी बसबरोबर धावत आणि प्रवाशांसमोर आरसे धरत. शरद ऋतू येईपर्यंत मात्र घातक नशा आणि मारामाऱ्यांनी वस्ती पोखरली होती. ६ ऑक्टोबर १९६७ रोजी जुन्या रहिवाशांनी शवपेटी खांद्यावर घेऊन 'हिप्पीची अंत्ययात्रा' काढली. हा हिप्पी वृत्तपत्रांनी जन्माला घातलेला आहे, तो मेला आहे, आता येथे येऊ नका, असा त्याचा अर्थ होता. जगातील बहुतेकांना हिप्पी हा शब्द माहीत होण्यापूर्वीच त्यांनी स्वतःचे श्राद्ध उरकले होते.

ही सगळी नशेबाज मंडळीच नव्हती का?

हा आक्षेप सर्वांत जुना आहे आणि तो खोटा नाही. गांजा सर्वत्र होता आणि एलएसडी हे त्या काळाचे खास रसायन होते. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे आल्बर्ट हॉफमन या रसायनशास्त्रज्ञाने ते १९३८ मध्ये तयार केले, आणि १९४३ मध्ये त्याचा मनावरील परिणाम त्यालाच प्रथम जाणवला. त्याने भास होतात, काळाचे भान बदलते, आणि काहींना 'मी' विरघळल्यासारखे वाटते. मानसोपचारतज्ज्ञ त्याचा अभ्यास करत होते. परंतु रसायन प्रयोगशाळेतून रस्त्यावर आले, वेड लागल्याच्या आणि अपघातांच्या बातम्या आल्या, आणि ६ ऑक्टोबर १९६६ रोजी कॅलिफोर्नियाने त्यावर बंदी घातली. 'अंत्ययात्रा' निघाली तो त्या बंदीचा पहिला वर्धापनदिन होता. जोन डिडियन या अमेरिकी लेखिकेने १९६७ मध्ये त्या वस्तीत हिंडून लिहिलेल्या लेखात एलएसडी दिलेली पाच वर्षांची मुलगी भेटते. जो कोणी या काळाविषयी हळवे होऊन लिहील, त्याने हा प्रसंग वगळू नये.

या नशेला सर्वांत नेमका विरोध आपल्या नगर जिल्ह्यातून झाला, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. अहमदनगरजवळ राहणारे मेहेरबाबा यांच्याकडे अमेरिकी तरुण पत्रांतून आणि प्रत्यक्ष येऊन विचारत होते की, एलएसडीने जे दिसते तोच साक्षात्कार का? १९६६ मध्ये त्यांचे उत्तर एका छोट्या पुस्तिकेच्या रूपाने अमेरिकेत पोहोचले. मृगजळ पाण्यापासून जितके दूर, तितकाच हा अनुभव सत्यापासून दूर आहे, असे त्यांनी बजावले, आणि शरीर, मन व आत्मा या तिन्हींना तो अपाय करतो असे सांगितले. 'द हू' या इंग्लिश वाद्यवृंदाचा गिटारवादक पीट टाउनशेंड त्यांचा अनुयायी झाला. म्हणजे 'हिप्पींना भारताने नशा शिकवली' या समजुतीची दुसरी बाजूही आहे: नशा सोडा असे सांगणारे आवाजही त्यांना भारतातूनच ऐकू आले.

हा विषय पुन्हा बातम्यांत आहे, कारण २००६ च्या सुमारापासून जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात भासजनक बुरशीतील सिलोसायबिन या द्रव्यावर गंभीर संशोधन सुरू झाले. २०१८ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने नैराश्यावरील त्याच्या चाचण्यांना अग्रक्रम दिला; २०२४ मध्ये त्याच प्रशासनाने एमडीएमए या दुसऱ्या द्रव्याच्या उपचाराला मंजुरी नाकारली. या चाचण्यांत रुग्णाजवळ प्रशिक्षित माणूस तासन्‌तास बसून असतो. हाइट-ॲशबरीच्या शांत खोलीची येथे आठवण होते.

कम्यून मोडले, मग उरले काय?

वूडस्टॉकच्या संगीत महोत्सवाबद्दल मी फार लिहीत नाही. ऑगस्ट १९६९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एका गोठेवाल्याच्या शेतावर सुमारे चार लाख लोक पावसाचिखलात जमले, आणि त्याच डिसेंबरात कॅलिफोर्नियातील आल्टमाँट येथील मैफलीत व्यासपीठासमोर खून झाला, एवढे पुरे. वूडस्टॉकला त्या गर्दीला जेवू घालणारे आणि घाबरलेल्यांना सांभाळणारे 'हॉग फार्म' नावाचे कम्यून मात्र लक्षात ठेवावे, कारण ते या लेखात पुन्हा येणार आहे.

कम्यून म्हणजे रक्ताचे नाते नसलेल्यांनी एकत्र राहणे आणि मिळकत एकत्र करणे. १९६५ नंतर अमेरिकेत असे हजारो प्रयोग झाले आणि बहुतेक दोन-तीन वर्षांत मोडले. कारणे अगदी घरगुती होती. भांडी कोणी घासायची हे ठरलेले नव्हते. 'सर्वांचे ते सर्वांचे' म्हणता म्हणता स्वयंपाक, मुले आणि धुणे स्त्रियांकडेच आले. मुक्त प्रेमाचा हिशेबही पुरुषांच्याच सोयीचा निघाला, आणि या अनुभवाने चिडलेल्या अनेक जणी स्त्रीमुक्ती चळवळीकडे वळल्या. शहरातून आलेल्यांना शेती येत नव्हती. १९७३ च्या तेलटंचाईनंतर महागाई वाढली आणि वडिलांच्या घरातला शिधाही आटला.

टेनेसीमधील 'द फार्म' हे कम्यून १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून बसगाड्यांच्या ताफ्याने आलेल्यांनी वसवले आणि ते आजही आहे. १९८३ मध्ये त्यांनी सामाईक तिजोरी बंद केली, प्रत्येकाने आपले कमवावे आणि वर्गणी द्यावी असे ठरवले, आणि निम्म्याहून अधिक माणसे निघून गेली. तत्त्व हरले असे कोणी म्हणेल. पण त्याच वस्तीत आयना मे गॅस्किन आणि तिच्या सोबतिणी, प्रथम निरुपायाने आणि मग डॉक्टरांकडून शिकून, सुईणी झाल्या. त्यांनी केलेल्या बाळंतपणांच्या नोंदी ठेवल्या, त्यावर पुस्तक लिहिले, आणि सुईण ही संस्था जवळपास विसरलेल्या अमेरिकेत त्या व्यवसायाला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला. त्यांची तिजोरी बुडाली, पण सुईणपण टिकले.

अन्नाचीही तीच कथा आहे. हातसडीचा तांदूळ, दही, टोफू, कोंड्याचा पाव, रसायनांविना पिकवलेली भाजी हे १९७० मध्ये थट्टेचे विषय होते. ते विकण्यासाठी हिप्पींनी सहकारी दुकाने काढली, तेथे हिशेब आणि मालाची पारख शिकणे भाग पडले; १९९० मध्ये अमेरिकेने 'सेंद्रिय' या शब्दाची कायद्यानेच व्याख्या केली. मात्र हातसडीचा तांदूळ आणि दही यांचा शोध कॅलिफोर्नियात लागला असे वाटणाऱ्या आपल्याकडच्या नव्या ग्राहकांना आजीच्या स्वयंपाकघरात एक चक्कर मारायला सांगावेसे वाटते.

संगणकाशी त्यांचा काय संबंध?

संगणक हे १९६० च्या दशकात सरकारचे, लष्कराचे आणि बँकांचे अवाढव्य यंत्र होते. इंटरनेटचा पूर्वज असलेले जाळेही संरक्षण खात्याच्या पैशातून उभे राहिले. त्यामुळे 'हिप्पींनी संगणक शोधला' हे विधान सरळ चूक आहे. त्यांनी दिली ती एक कल्पना: हे यंत्र एका माणसाच्या टेबलावर, त्याच्या स्वतःच्या कामासाठी असावे.

स्ट्युअर्ट ब्रँड हा या कल्पनेचा सांधा. १९६८ मध्ये त्याने कम्यूनमधील लोकांसाठी 'होल अर्थ कॅटलॉग' काढला. विहीर कशी खणायची, घुमटाचे घर कसे बांधायचे, कोणते अवजार कोठे आणि केवढ्याला मिळते, कोणते पुस्तक वाचायचे, याची ती जाडजूड यादी होती. त्याच वर्षी ९ डिसेंबरला डग्लस एंगलबार्टने माऊस आणि पडद्यावरील मजकूर हाताळण्याचे पहिले जाहीर प्रात्यक्षिक दाखवले, तेव्हा कॅमेऱ्याच्या मदतीला ब्रँडच होता. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील एका गॅरेजमध्ये हौशी संगणकवाल्यांचा 'होमब्रू' क्लब सुरू झाला. त्याच्या दोन संस्थापकांपैकी फ्रेड मूर हा युद्धविरोधी कार्यकर्ता होता, आणि माहिती वाटून घ्यावी हा तेथला अलिखित नियम होता. ॲपलचा पहिला संगणक याच मंडळींना दाखवण्यात आला. स्टीव्ह जॉब्सने महाविद्यालय सोडले, तो रविवारी हरे कृष्ण मंदिरात जेवायला जाई, १९७४ मध्ये भारतात येऊन गेला, आणि २००५ मध्ये स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांसमोर बोलताना त्याने ब्रँडच्या कॅटलॉगला पुस्तकरूपातील गूगल म्हटले.

हे सगळे शेवटी बाजारानेच गिळले ना?

गिळले, यात शंका नाही. जीन्स, मण्यांच्या माळा आणि शांततेचे चिन्ह १९७० पर्यंत दुकानांत आले होते. ते चिन्ह तर हिप्पींचे नव्हतेच. १९५८ मध्ये जेराल्ड होल्टम या इंग्लिश चित्रकाराने ते अण्वस्त्रविरोधी मोर्चासाठी काढले होते. फुकट वाटून घेण्याच्या क्लबातून जगातील सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एक निघाली, यापेक्षा मोठा उपरोध शोधून सापडणार नाही.

परंतु गिळणे आणि पचवणे यांत फरक आहे. दुधाच्या पातेल्यात चमचाभर विरजण पडते, सकाळी त्यातले विरजण वेगळे काढून दाखवता येत नाही, आणि तरी पातेल्यात दूधही उरलेले नसते. २२ एप्रिल १९७० च्या पहिल्या वसुंधरा दिनाला सुमारे दोन कोटी अमेरिकी बाहेर पडले. ते हिप्पी नव्हते, एका सिनेटरच्या पुढाकाराने शाळा-महाविद्यालयांतून जमलेले सामान्य नागरिक होते. मात्र नदीचे पाणी आणि हवा हा रोजच्या जगण्याचा प्रश्न आहे, तो केवळ तज्ज्ञांचा नाही, ही भाषा पाच वर्षांपूर्वी इतक्या घरांत बोलली जात नव्हती.

भारतातून त्यांनी नेमके काय नेले?

३ ऑक्टोबर १९६५ रोजी अमेरिकेने नवा स्थलांतर कायदा केला आणि आशियाई लोकांवरील जुनी बंधने उठवली. या एकाच दारातून पुढे आपले मराठी डॉक्टर आणि अभियंते तिकडे गेले, आणि स्वामी-गुरूही गेले. याच सुमारास अमेरिकी-युरोपीय मुले उलट दिशेने इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर या खुष्कीच्या मार्गाने दिल्ली, काठमांडू आणि गोव्याकडे येत होती. डेट्रॉइटच्या रुग्णालयात रात्रपाळी करणारा मराठी डॉक्टर आणि वज्रेश्वरीजवळच्या गणेशपुरीला मुक्तानंदांच्या आश्रमात झाडू मारणारा अमेरिकी तरुण यांची अदलाबदल दोन्हीकडच्या आईवडिलांना सारखीच अगम्य वाटली असेल. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या, आणि हा रस्ता बंद झाला.

गोव्यात कळंगुट आणि बागा येथून ही मंडळी हणजूण, वागातोर, हरमल अशी सरकत गेली. 'एट फिंगर एडी' या नावाने ओळखला जाणारा अमेरिकी १९६० च्या दशकातच तेथे आला आणि २०१० मध्ये गोव्यातच वारला; 'गोवा गिल' १९७० मध्ये थेट सॅन फ्रान्सिस्कोहून आला. गावकऱ्यांनी खोल्या भाड्याने दिल्या, बुधवारचा हणजूणचा बाजार वाढला, पुढे 'गोवा ट्रान्स' हे संगीत जगभर गेले. पण अमली पदार्थांचा धंदाही त्याच वाटेने आला, आणि त्याचा त्रास गावकऱ्यांनाच झाला. पाहुण्याला 'स्वर्ग' वाटलेल्या ठिकाणी कोणाची तरी शेते आणि चर्चची वाट असते, हे त्या काळाच्या आठवणींत क्वचितच आढळते.

संगीतात पंडित रविशंकर यांचा अनुभव बोलका आहे. जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथील संगीत महोत्सवात ते अल्लारखाँ यांच्यासह वाजवून गेले आणि रातोरात हिप्पींचे दैवत झाले, पण रागसंगीताचा संबंध नशेशी जोडलेला त्यांना कधीच रुचला नाही. बांगलादेशातील निर्वासितांच्या मदतीसाठी १९७१ मध्ये भरलेल्या मैफलीत श्रोत्यांनी वाद्ये लावण्यालाच टाळ्या दिल्या, तेव्हा हे इतके आवडले तर प्रत्यक्ष वादन आणखी आवडेल, असे ते हसून म्हणाले. त्या टाळ्या देणाऱ्यांपैकी बहुतेक पुढच्या लाटेबरोबर गेले. कॅलिफोर्नियात अली अकबर खाँ यांनी काढलेल्या विद्यालयात जे वर्षानुवर्षे बसले, ते राहिले; माहीमचे झाकीर हुसेन तेथे शिकवायला गेले आणि 'ग्रेटफुल डेड' या सॅन फ्रान्सिस्कोच्या वाद्यवृंदातील मिकी हार्टबरोबर वाजवू लागले. योगाचेही तसेच. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार यांचे आसनांवरील इंग्रजी पुस्तक १९६६ मध्ये निघाले आणि १९७५ मध्ये त्यांची संस्था उभी राहिली. त्यांच्याकडे आलेल्या परदेशी विद्यार्थ्यांना मुक्त वातावरण मिळाले नाही. गुडघा ताठ का नाही, म्हणून ओरडा मिळाला. आज जगभर अय्यंगार पद्धतीचे वर्ग चालतात ते त्या ओरड्यामुळे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

ही माणसे अपवाद नव्हेत का?

अपवाद म्हणता येईल, पण एका अपवादाचा प्रवास पाहण्यासारखा आहे. लॅरी ब्रिलियंट हा अमेरिकी डॉक्टर हॉग फार्मच्या मंडळींबरोबर १९७० च्या सुमारास बसमधून युरोपातून आशियाकडे निघाला. फिरत फिरत तो नैनितालजवळ नीम करोली बाबांच्या आश्रमात पोहोचला. बाबांनी त्याला आश्रमात बसू दिले नाही. दिल्लीला जा, जागतिक आरोग्य संघटनेत काम कर, देवीचा रोग जाणार आहे, असे त्यांनी सांगितले, असे तो स्वतः सांगत आला आहे. लांब केसांच्या, अनुभव नसलेल्या या तरुणाला कार्यालयाने अनेकदा परत पाठवले आणि शेवटी घेतले. मग तो भारतीय आरोग्यसेवकांबरोबर घरोघरी रोगी शोधत आणि लस टोचत फिरला. भारतातील देवीचा अखेरचा रुग्ण मे १९७५ मध्ये सापडला. हे यश लाखो भारतीय कर्मचाऱ्यांचे आहे आणि तो त्या फौजेतील एक होता.

१९७८ मध्ये ब्रिलियंट, वूडस्टॉकला लोकांना नाश्ता वाढणारा हॉग फार्मचा वेव्ही ग्रेव्ही आणि काही मित्रांनी 'सेवा' नावाची संस्था काढली. सुरुवातीच्या देणगीदारांत स्टीव्ह जॉब्स होता. मदुराईत डॉ. वेंकटस्वामी यांनी उभारलेल्या अरविंद नेत्र रुग्णालयाला या संस्थेने साथ दिली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यात बसवायची भिंगे तेव्हा परदेशातून महाग दराने येत; ती मदुराईतच करण्यासाठी १९९२ मध्ये 'ऑरोलॅब' हा कारखाना निघाला, आणि तेथील भिंगे पूर्वीच्या किमतीच्या लहानशा अंशात मिळू लागली.